दीड किलोचा आवाज

त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तो भाड्याची खोली बघायला, आणि बैठकीतल्या खुर्चीवर बसलो तो सरळ 'विहीर'वर. 'विहीर' ही कॅसेट होती. खालून 'कट्' असा आवाज झाला तसा मी उठलो. डबीचे तीन तुकडे झाले होते आणि आतली पट्टी माझ्या पँटच्या मागच्या खिशाच्या बटणाला अडकून माझ्याबरोबर उठली होती. लग्नाला दोन महिने झाले होते. शेजारी उभ्या बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर तेव्हा तिला नवीन होती, आता चांगली सरावाची झाली आहे.

घरमालक आतून आले. त्यांनी माझ्या बटणाची पट्टी सोडवली, तुकडे खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिले आणि हुश्श केलं.

"दुसरा अल्बम होय," ते म्हणाले. "पहिल्यावर बसले असते तं खोली नसती भेटली. राहाले कधी येता?"

चिखलीतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षं राहिलो. त्यांना आम्ही काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. काका वजनमापांचे निरीक्षक होते. तालुक्यातले आठवडी बाजार फिरायचे, तराजू तपासायचे, पारडं हलकं निघालं की दुकानदाराला घाम फोडायचे. ही नोकरी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की भाजी घेताना ते मेथीची जुडी तळहातावर धरून डोळे मिटायचे आणि "एकशे ऐंशी" म्हणायचे. आमच्या मुलीच्या बारशाला आलेल्या बायका बाळ कोणावर गेलं याची चर्चा करत होत्या, तेव्हा काकांनी तिला उचललं, जराशी वरखाली केली आणि जाहीर केलं, "तीन किलो शंभर. दुपट्यासकट." दवाखान्याच्या कागदावर तीन किलो होतं. दुपटं शंभर ग्रॅमचं असणार, यावर माझ्यासकट सगळ्यांचा विश्वास बसला.

असा माणूस 'पऱ्हाटी'च्या नादी लागला.

'पऱ्हाटी' म्हणजे आमच्याकडची कपाशी, पण हा रॉक बँड. अकोल्याकडच्या कॉलेजातली चार पोरं, दोन गिटार, एक ड्रमसेट आणि एक गळा. गात होती वऱ्हाडीत, म्हणजे ओरडत होती वऱ्हाडीत: विजेची लाईन गेल्यावर, परीक्षेत नापास झाल्यावर, कपाशीवर, एसटीच्या मागच्या सीटवर. आमच्या चार-पाच जिल्ह्यांबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही, आणि जिल्ह्यांतही ओळखणाऱ्यांना लोक जरा जपूनच वागवतात. त्यांचे अल्बम पाच. 'कोरडवाहू' आणि 'विहीर' या कॅसेटी, 'जिनिंग' आणि 'डेक्कन कॉर्नर' सीडीवर, आणि पाचवा 'परत' नुसता फोनवर, हातात धरायला काहीच नाही.

काकांना ते भेटले धाडच्या बाजारात. एका कांदेवाल्याचा काटा तपासत असताना शेजारच्या कॅसेटवाल्यानं 'कोरडवाहू' लावली. काका तिथंच उभे राहिले. बाजू संपेपर्यंत उभे होते. "तेवढ्यात कांदेवाल्यानं काटा बदलला," ते सांगायचे. "साऱ्या नोकरीत तेवढा एकच माणूस सुटला माह्या हातून. पण गाणं भेटलं." ती कॅसेट त्यांनी घेतली, आणि बदली होऊन निघालेल्या एका सहकाऱ्याकडून त्याचा जुना टू-इन-वन घेतला. त्या दिवसापासून त्या टेपवर दर रविवारी सकाळी नऊ वाजता 'कोरडवाहू' लागायची. दुसरं काही लागायचंच नाही, त्यामुळे 'विहीर' खुर्चीवर पडलेली असायची.

भिंत सामाईक होती. नऊ वर्षं मी ते ऐकलं. काय आवाज होता! गाणारा जसा विहिरीच्या तळातून हाक मारतोय. ड्रम वाजला की ट्रॉलीतून सोयाबीनचं पोतं खाली टाकल्यासारखं व्हायचं, आणि पुढचं पोतं पडेपर्यंत आपण वाट बघत राहायचो.

काकांचा हिशोब सोपा होता. "पहिला अल्बम दीड किलो. दुसरा सव्वा. तिसरा नवशे ग्रॅम, थेही डबा धरून. चौथा वजन करायच्या लायकीचा नाई, त्याले मीटरवर मोजा."

हा हिशोब ज्यांना मान्य नव्हता ते उंद्रीचे मास्तर. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारच्या पहिल्या एसटीनं चिखलीला यायचे, हातात 'जिनिंग'ची सीडी रुमालात गुंडाळून. त्यांच्या मते बँडला खरा सूर तिसऱ्या अल्बमात सापडला, कीबोर्ड आल्यावर.

"पेटी घातली म्हंजे सूर सापडला काय बे?" काका विचारायचे.

"पेटी नाई काका, कीबोर्ड. रंग भरला त्यानं. पहिला अल्बम नुसता पेन्सिलचा."

"पेन्सिलच पाह्यजे. रंग भरून भरून तुह्या पोट्ट्यांनी साऱ्या गाई जांभळ्या केल्या."

"आन् तुमचा ड्रमवाला? दोन अल्बममधी पळून गेला."

"पळून नाई गेला. सोडून गेला. त्याले कळलं, पुढं हलका माल येऊन राह्यला."

काकू चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "सारे सारखेच बोंबलतात. घ्या, थंडा होते." आणि दोघंही एकदम काकूंवर उलटायचे. तेवढ्यापुरती त्यांची एकी व्हायची.

काकांचं ऐकणं मात्र साधं नव्हतं. एकदा ते म्हणाले, "पहिल्या अल्बममधी पोट्टे 'मले' म्हणत. तिसऱ्यात 'मले'च, पण लाजून. चौथा पुण्यात केला, तिथं 'मला' झालं. पाचव्यात पुन्हा 'मले' आलं, पण हे 'मले' बाजारात मांडलेलं आहे. पहिल्यातलं घरचं होतं." मास्तरांनी त्यावर 'जिनिंग'ची सीडी पुन्हा रुमालात गुंडाळली. मी मात्र या वादात कधी पडलो नाही, आणि त्याला कारण होतं. मला चौथा अल्बम आवडतो. 'डेक्कन कॉर्नर'. नाजूक गिटार आहे, पाऊस वगैरे आहे. हे मी काकांना कधी सांगितलं नाही. पंचायत समितीत लिपिक असल्यामुळे कुठली फाईल कुणापुढे उघडायची नाही हे मला कळतं. बायकोला माहीत होतं, आणि भांडणात ते शस्त्र म्हणून वापरायची तिची तयारी होती.

मग आम्ही घर बांधलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. निघताना काकांनी आमचा गॅस सिलिंडर उचलून किती उरलाय ते सांगितलं आणि आत निघून गेले. सुरुवातीला मी दर रविवारी जायचो. मग महिन्यातून एकदा. मग दिवाळीला. मास्तरांचे गुडघे गेले, त्यांची एसटी बंद झाली. काकांचा मुलगा नागपूरला, तो फोन करायचा. रविवारी नऊला टेप लागायचा, पण ओट्यावर वाद घालायला कोणी नसायचं. काकू भाजीबाजारात भेटल्या की हसून म्हणायच्या, "या न कधी. तुमचे काका भिंतीसंगं भांडून राह्यले."

मी "येतो, येतो" म्हणायचो.

मागच्या वर्षी मुलगी सुटीत आली होती. गाडीत तिनं फोनवर 'कोरडवाहू' लावलं. बँडनं पहिला अल्बम नव्यानं फोनवर आणला होता. दोन ओळी ऐकल्या आणि मी म्हणालो, "अगं, हे पळवलंय का? काहीतरी बटण दाबलं गेलं बघ तुझ्याकडून."

"नाही बाबा, हे असंच आहे."

गाणारा विहिरीच्या तळात नव्हता. काठावर उभा राहून नीट गात होता. पोती भराभर पडत होती. मला वाटलं नव्या पोरांसाठी पळवलं असेल. पण घरी येऊन मी माझी जुनी, कधीच न लावलेली सीडी शोधली, पहिल्या दोन अल्बमांची एकत्र निघाली होती ती, आणि लावली. तीही तशीच. मग मी कारण काढून काकांकडे गेलो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे चोरून बघत एक गाणं ऐकलं. फोनवर चार मिनिटांचं गाणं. काकांकडे साडेचार मिनिटं चाललं.

काकांचा टेप हळू चालत होता. वीस-बावीस वर्षं.

उभ्या तालुक्याचे काटे तपासलेल्या माणसाच्या घरात एक काटा मंद होता, आणि त्या एका टेपच्या जोरावर त्यांनी पाच अल्बमांचं वजन केलं होतं. मी चहा न पिताच उठलो.

हे तिथंच संपलं असतं, पण काकांनी फोनवर तो नवा 'कोरडवाहू' ऐकला. त्यांच्या मुलानं त्यांना चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं होतं. तिथं काकांचा आवाज आला, टाईप करणं त्यांना कमीपणाचं वाटे: "आयका सारे. पहिला अल्बम पळवला आहे. माल थोच, पण वेळेत माप मारलं. ही काटामारी होय. म्या चाळीस वर्षं काटामारी पकडली, मले शिकवू नका."

ग्रुपवरची पोरं हसली. कोणी लिहिलं, "काका, टेपले च्यवनप्राश द्या." पहिल्या दोन अल्बमांतला तो ड्रमवाला, आता त्याचं मेहकरला बी-बियाणांचं दुकान आहे, त्यानं अदबीनं लिहिलं, "काका, नाही हो पळवलं. जसं वाजवलं तसंच आहे." काकांनी उत्तर दिलं, "पुढच्या रविवारी चिखलीत जमून राह्यले ना सारे? म्या टेप घेऊन येतो. साऱ्यांसमोर मोजू. म्या खोटा निघालो तं माफी मागीन."

आता काय होणार हे मला दिसत होतं. भरलेल्या हॉलात काका टेप लावणार, तो रेंगाळत गाणार, आणि कालची पोरं त्या माणसाला हसणार. मी बायकोला सगळं सांगितलं.

ती पोळ्या लाटत होती. "दोनच गोष्टी होतात," ती म्हणाली. "एक तं त्यांना जाऊन सांगा. नाहीतं गप्प बसा. मधलं काही करू नका. तुम्ही मधलं करता."

मी मधलं केलं.

शुक्रवारी काकांकडे जाऊन म्हणालो, "काका, एवढ्या लोकांसमोर लावायचा, टेपचं हेड साफ करून आणतो." काकांना बरं वाटलं. तेवढ्या निमित्तानं का होईना, मी आलो होतो. मी टेप दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं तो उघडला, आतला रबरी पट्टा बोटानं ओढून दाखवला. "हा तं लुळा पडला भाऊ. टेप घेतला तवाच लुळा असन." नवा पट्टा बसला. मी विचार केला होता: दोन्ही सारखे वाजतील, काका म्हणतील बरं पळवलेलं नाही, विषय संपेल. कुणाला काही कळणार नाही. हा विचार करताना मी स्वतःला भलताच हुशार वाटत होतो.

मला वाटलं होतं, घरी ते एकदा लावून पाहतील. पण शनिवारी टेप हातात देताच काकांनी त्याला जुन्या साडीचा काठ गुंडाळला, वर सुतळी बांधली आणि मेणबत्ती पेटवून गाठीवर लाख सोडली. लाखेवर अंगठी दाबली. "मुद्देमाल होय," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हणाले नाई पाह्यजे का घरी छेडछाड केली."

रविवारी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलात वीस-पंचवीस जण जमले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पोहे, भिंतीवर बँडचा एक जुना फोटो. मास्तर गुडघ्यांना पट्टे बांधून उंद्रीहून रिक्षानं आले होते. ड्रमवाला आला होता, पोट सुटलेला, साधा माणूस. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांनी मास्तर आणि ड्रमवाला यांना पंच नेमलं, दोघांना लाख शाबूत असल्याचं दाखवलं, आणि वहीच्या पानावर त्यांच्या सह्या घेतल्या. पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. मग काकांनी सुतळी कापली.

"एका हातानं फोन, एका हातानं टेप," ते मास्तरांना म्हणाले. "म्या तीन म्हणतो."

तीनला दोन्ही सुरू झाले, आणि दोन्ही बरोबरच चालले. एका जुवाला जुंपलेल्या जोडीसारखे, पावलाला पाऊल. मागून एक पोरगं हसलं. कोणी टाळी वाजवली. काकांनी हात वर केला आणि मास्तरांनी फोन बंद केला. टेप एकटा चालू राहिला. काका खाली वाकले, स्पीकरला कान लावला. त्यांनी कॅसेट काढून पाहिली, तिच्यावर त्यांचंच अक्षर होतं. पुन्हा लावली. पुन्हा ऐकलं.

"हे माहं नाई," ते हळूच म्हणाले.

मग ते सरळ झाले आणि त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. पोरांवर नाही, ड्रमवाल्यावर नाही. माझ्यावर येऊन ती थांबली. काट्याला शेवटचा हात कुणाचा लागला, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता.

मी उभा राहिलो. पोह्याची बशी हातातच होती. "पट्टा बदलला काका. जुना सैल होता. टेप हळू चालत होता. पहिल्यापासून."

काकांनी बटण दाबून टेप बंद केला. मग म्हणाले, "म्हंजे खोटं माप माह्याच घरात होतं."

कोणी हसलं नाही. हसतील म्हणून मी एवढा उपद्व्याप केला होता, आणि खरं कळल्यावर एकही पोरगं हसलं नाही. काका ड्रमवाल्यापुढे गेले, हात जोडले. "तुमच्यावर काटामारीचा आरोप केला. थो मांगं घेतो. माफी द्या."

ड्रमवाला गडबडून उठला. त्यानं काकांचे हात धरून खाली केले. "काका, माफी कायची? पण एक सांगा. तुमच्या टेपवर हे कसं वाजे?"

"सांगता नाई येत."

"मंग वाजवून दाखवा."

काकांनी टेबलावर बोटं मारली. एक पोतं. वाट. दुसरं पोतं. आवाज नसलेल्या गळ्यानं त्यांनी पहिली ओळ घोगरी, खाली ओढून म्हटली. ड्रमवाल्यानं बशी ठेवली आणि खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर काकांच्या बोटांमागून हात टाकायला लागला. दुसऱ्या कडव्याला मास्तर आले. तिसऱ्या अल्बमवाले मास्तर, डोळे मिटून, पहिला अल्बम म्हणत होते. मला ती चाल पाठ होती, नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेली. पण मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मला तेवढा हक्क उरला नव्हता.

गाणं संपल्यावर ड्रमवाला दम खात म्हणाला, "एवढं हळू वाजवलं असतं तं काका, माहे हात नसते दुखले. म्या बँड नसता सोडला."

परत येताना काका माझ्या स्कूटरवर मागे बसले, टेप मांडीवर. फाटकाशी उतरताना त्यांनी एकच विचारलं. "जुना पट्टा कुठी आहे?"

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून दुकानात गेलो. दुकानदारानं एक डबा पुढे केला. जुने काढलेले पट्टे तो त्यात टाकायचा, आणि ते काळ्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतले होते. कुठला काकांचा, हे त्यालाही सांगता येईना. मी डबाच घेऊन आलो.

तेव्हापासून दर रविवारी नऊला मी काकांकडे जातो. मागचं झाकण मी उघडतो, एक पट्टा बसवतो, काका 'कोरडवाहू' लावून डोळे मिटतात. एक पळायचा, एक मध्येच अडखळायचा, एकानं तर गाणाऱ्याची म्हैस करून टाकली. काका निकाल देतात, मी पट्टा काढून बाजूला ठेवतो, काकू चहा आणतात. मास्तर फोन स्पीकरवर ठेवून उंद्रीहून ऐकतात आणि सगळे पट्टे नाकारतात. पट्ट्यांमधूनच बोलणं इकडंतिकडं जातं. मागच्या महिन्यात धीर करून मी सांगून टाकलं, की मला 'डेक्कन कॉर्नर' आवडतो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मले माहीत होतं," ते म्हणाले. "भिंत एकाच बाजूनं पातळ नसते."

परवाच्या रविवारी एक पट्टा बसवला आणि पहिलं पोतं पडलं. मी ताठ झालो. पोतं, मग वाट, मग पोतं. गाणारा विहिरीच्या तळाशी होता. तोच आवाज, तसाच, नऊ वर्षांचा. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि त्यांनी अख्खं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. एकही पट्टा त्यांनी इतका वेळ ऐकला नव्हता. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "नाई. जरासाक हलका वाटून राह्यला. काढ याले. पुढचा पुढच्या रविवारी."

मी काढला. घरी येऊन बायकोला म्हणालो, "तोच होता गं. शपथेवर सांगतो, तोच होता. काकांना ओळखू आला नाही. कान गेले त्यांचे. सांगू का त्यांना?"

तिनं हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कान काही गेले नाहीत त्यांचे," ती म्हणाली. "पट्टा सापडला असं ते म्हणाले असते, तं पुढच्या रविवारी तुम्ही कायले गेले असते तिथं?"